मोठ्या मरीन टँकमध्ये नवीन मासा टिकत नाही? आधी जुने मासे बघा

समुद्री माशांचा (मरीन) टँक सहा फुटी आहे, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) नीट चालतोय, टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसतो, जुने मासे ठणठणीत आहेत. तरीही नवीन आणलेला मासा आठवडा काढत नाही. दुकानदार दुसरा देतो, तोही जातो. मग ‘पाणी चांगलंय, म्हणजे मासाच कमजोर होता’ असं ठरवून लोक तिसरा आणतात.

जुने मासे धडधाकट असण्यातच बहुतेक वेळा उत्तर असतं. समुद्री मासे गोड्या पाण्यातल्या टेट्रा-गप्पीसारखे मोकळ्या पाण्यात मिसळून राहत नाहीत. त्यांच्यातले बरेचसे दगडाची एखादी कपार, झोपायची जागा आणि चरायचा पट्टा आपला मानतात आणि तो राखतात. तुमच्या टँकमधल्या सगळ्या जागांची वाटणी होऊन गेलेली असते. नवा मासा त्या वाटणीत घुसतो आणि मार खातो. हे सगळं दिवे बंद झाल्यावर किंवा भल्या पहाटे घडतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

पण प्रत्येक मृत्यू मारामारीचा नसतो. म्हणून आधी दोन गोष्टी लिहून काढा: मासा टाकल्यावर किती दिवसांनी गेला, आणि अंगावर काय दिसत होतं.

किती दिवसांनी गेला?

पहिल्या २४ तासांत गेला, अंगावर ओरखडा नाही: प्रवास आणि पिशवीतलं पाणी. इंदुरात बहुतेक माल मुंबईहून रात्रभराच्या प्रवासानं येतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत दोन-दोन तास थेंब-थेंब पाणी घालत बसणं म्हणूनच घातक. बंद पिशवी २०-३० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी कापा, मासा लगेच बाहेर काढा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

दोन-तीन दिवसांत गेला, जखम नाही, खातही नव्हता: खारटपणा तपासा. बरीच दुकानं सॉल्ट वाचवायला आणि परजीवी दाबून ठेवायला पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचा आकडा) १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. तुमचा टँक १.०२५ वर असतो. खारट पाण्यातून कमी खारट पाण्यात गेलेला मासा सहसा सावरतो. उलट दिशेचा धक्का मात्र त्याला आतून कोरडा करतो, आणि परिणाम लगेच न दिसता दोन दिवसांनी दिसतो. उपाय सोपा आहे. दुकानातच रेफ्रॅक्टोमीटरनं (खारटपणा मोजायच्या नळीनं) पाणी मोजा, घरचा क्वारंटाइन टँक (नवा मासा आधी वेगळा ठेवायचा टँक) त्याच आकड्यावर ठेवा, आणि दिवसाला ०.००१ ते ०.००२ पेक्षा जास्त वाढवू नका. १०० लिटर पाण्यात ०.००१ वाढवायला साधारण १४० ग्रॅम सॉल्ट लागतं. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून घ्या, माशावर कोरडं टाकू नका. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर विसंबू नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. आणि रेफ्रॅक्टोमीटरचा शून्य साध्या आरओ पाण्यावर लावण्यापेक्षा ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवा.

तीन ते सात दिवसांत गेला, अंगावर सोनेरी भुकटीसारखा थर होता, पंपाच्या झोतात तोंड धरून धापा टाकत होता: वेल्व्हेट, हाही परजीवीचाच रोग. हा रोग वाट बघत नाही, टँकमधले बाकीचेही धोक्यात आहेत.

एक-दोन आठवड्यांनी मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके आले, गेले, आणि पुन्हा जास्त आले: मरीन इक. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं. परजीवी मासा सोडून वाळूत आणि दगडांवर बसलेला असतो, तिथून पुढची पिढी निघते.

महिना-दीड महिन्यानं पोट खपाटीला जाऊन, पाठीचा माथा सुरीसारखा होऊन गेला: उपासमार. एक तर तो मासा टँकमधलं खाद्य ओळखत नव्हता, नाही तर इतर त्याला खाऊ देत नव्हते.

मेलेला सापडलाच नाही, नुसता नाहीसा झाला: आधी टँकच्या मागे जमिनीवर आणि ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (जिथून पाणी खाली फिल्टरकडे जातं) बघा. तिथं नसेल तर कुणाच्या तरी पोटात गेला. लायनफिश स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासासुद्धा गिळतो.

यातलं काहीच जुळत नसेल आणि मासा पहिल्या पाच-सहा दिवसांत फाटक्या परांनी गेला असेल, तर पुढचं नीट वाचा.

मार खाल्लाय हे ओळखायचं कसं

मार खाणारा मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, ओव्हरफ्लोच्या आडोशाला किंवा हीटरच्या मागे अंग चोरून उभा असतो. रंग फिका पडतो, कल्ले भराभर हलतात. सगळेच मासे वर येऊन धापा टाकत असतील तर दोष पाण्यात किंवा ऑक्सिजनमध्ये आहे. एकटाच टाकत असेल आणि बाकीचे निवांत चरत असतील, तर तो मार खातोय किंवा आजारी आहे.

जखम बघितली तर मारणारा कोण तेही कळतं. टँग या शेवाळ चरणाऱ्या चपट्या माशाच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो. तो अंग वळवून फटका मारतो, त्यामुळे नव्या माशाच्या कुशीवर सरळ, ब्लेडनं ओढल्यासारख्या रेघा उमटतात, खवले त्या रेषेत उडालेले असतात. ट्रिगरचा चावा गोल आणि खोल असतो, बऱ्याचदा डोळ्याजवळ किंवा पोटाला. क्लाउनफिशची मादी आणि डॅमसेल परांच्या कडा कुरतडतात, शेपूट झालरीसारखी होते. डॉटीबॅक कपारीतून सुटून मागून चावतो आणि परत आत जातो, त्यामुळे दिवसभर समोर बसूनही गुन्हेगार सापडत नाही. मोबाइल स्टँडवर लावा, दिवे बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास आणि दिवे लागल्यानंतरचा अर्धा तास रेकॉर्ड करा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

कोण कुणाशी भांडतो

दुकानात विचारलं की ‘सब साथ में चल जाएगा’ असं उत्तर मिळतं. दुकानाच्या टँकमध्ये ते खरंही वाटतं. तिथं गर्दी असते, माल रोज बदलतो, कुणालाच जागा धरायला वेळ मिळत नाही. घरी आल्यावर महिनाभरात स्वभाव दिसतो.

भांडण ओळखायचे निकष तीन: अंगाचा आकार, खाद्य आणि झोपायची जागा. या तिन्हींत जेवढं साम्य, तेवढं वैर. एकाच जातीचे, एकाच बांध्याचे, एकच शेवाळ खाणारे दोन मासे म्हणजे हमखास लढाई. यलो टँग आणि सेलफिन टँग दोन्ही झेब्रासोमा गटातले, पाठीवर शिडासारखा उंच पर असलेले, त्यामुळे एकमेकांना प्रतिस्पर्धी मानतात. पावडर ब्लू अकॅन्थुरस गटातला, त्याच गटातला दुसरा त्याला चालत नाही; खरं तर तो कुठल्याच टँगशी फारसा प्रेमानं वागत नाही. सहा फुटी टँकमध्ये प्रत्येक गटातला एक, असं धरा: एक झेब्रासोमा, एक हिपॅटस ब्लू टँग. पावडर ब्लू हवाच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि क्वारंटाइन पूर्ण करूनच, कारण इक सगळ्यात आधी त्याला धरतो. हिपॅटस दुकानात दोन इंचांचा असतो, पण वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. सेलफिन त्याहून मोठा होतो. तीन-चार फुटी टँकमध्ये टँग ठेवूच नका, पोहायला जागा नसलेला टँग चिडका होतो.

डॅमसेल हा सगळ्यात वाईट पहिला मासा आहे. स्वस्त आणि चिवट म्हणून टँक सायकल करायला (नव्या टँकमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू वाढवायला) तोच दिला जातो. डॉमिनो लहानपणी गोंडस दिसतो, पुढे तळहाताएवढा होतो आणि स्वतःच्या दुप्पट माशालाही हाकलतो. किनाऱ्यावरून येणारा सार्जंट मेजर तसाच. सायकल करायला मासा लागतच नाही. अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमवर न्या, आणि तेवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर यायला लागला, नायट्राइटही शून्य झालं, की टँक तयार. तुमच्याकडे आधीच डॅमसेल असतील तर नवीन काही आणण्याआधी ते बाहेर काढा. दहापैकी नऊ तक्रारी तिथंच मिटतील असं आमचं ठाम मत आहे.

क्लाउनमध्ये ऑसेलारिस सौम्य, मरून आणि टोमॅटो तापट. एका टँकमध्ये क्लाउनची एकच जात, एकच जोडी. क्लाउन सगळे आधी नर असतात, टोळीतला सगळ्यात मोठा मादी होतो. म्हणून जोडी करायला एक मोठा आणि एक स्पष्ट लहान घ्या. सारख्या आकाराच्या दोघांत आधी वर्चस्वाची लढाई होते. शक्य असेल तर टँकमध्ये पैदास झालेले क्लाउन मागा. आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनची पैदास यशस्वी केलेली आहे, आणि असे मासे कोरडं खाद्य पहिल्या दिवसापासून खातात.

ग्रीन क्रोमिस ‘थव्यात राहतो’ म्हणून सात-आठ घेतले जातात. टँकमध्ये ते रोज सगळ्यात दुबळ्याला मारत मारत दोन-तीनवर येतात. थवा हवा असेल तर लायरटेल अँथिअस बरे: एक नर आणि चार-पाच माद्या, पण दिवसातून तीन वेळा खायला घालण्याची तयारी ठेवून. बुटके एंजल, म्हणजे कोरल ब्युटी वगैरे, टँकमध्ये एकच. एम्परर आणि ब्लू रिंग एंजल लहानपणी निळ्या-पांढऱ्या रेघांचे, जवळजवळ सारखेच दिसतात. मोठेपणी ४० सेंटिमीटरच्या पुढे जातात आणि सहा फुटी टँकही त्यांना अपुरा पडतो. सिक्सलाइन रॅस आणि रॉयल डॉटीबॅक बोटाएवढे असूनही नवागतांना जगू देत नाहीत. ट्रिगरमध्ये निळा नायजर त्यातल्या त्यात चालण्यासारखा. क्लाउन ट्रिगर आणि अंड्युलेटेड ट्रिगर यांना एकट्याचा टँक लागतो.

काही मासे भांडत नाहीत, पण घरी जगतही नाहीत. क्लीनर रॅसला इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकट थर खायला लागतो, मँडरिनला जिवंत कोपेपॉड (कोळंबीच्या जातीचे सूक्ष्म जीव), आणि ठरावीक प्रवाळ खाणाऱ्या बटरफ्लायना प्रवाळच. कितीही स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. समुद्री घोडे, पाइपफिश, प्रवाळ आणि जायंट ग्रुपर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते विकत घेणंही गुन्हा. खऱ्या प्रवाळाचा ‘लाइव्ह रॉक’ त्यातच येतो. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड वापरा.

सहा फुटी टँकसाठी चालणारा क्रम

६ × २ × २ फूट म्हणजे काठोकाठ ६८० लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की ५५० च्या आसपास उरतं. एवढ्यात ही मंडळी सुखानं राहतात, आणि याच क्रमानं आत जायला हवीत: आधी लॉनमोअर ब्लेनी आणि एखादा गोबी, मग अँथिअसचा गट, सगळे एकाच दिवशी, मग ऑसेलारिसची जोडी, मग हेनिओकस, मग फॉक्सफेस, त्यानंतर कोरल ब्युटी, आणि शेवटी दोन टँग, दोन्ही एकाच दिवशी, आकारात फरक ठेवून. प्रत्येक टप्प्यात तीन ते चार आठवडे जाऊ द्या. बुजरा आधी, दांडगा शेवटी, हे उलटलं की वरची सगळी निवड बरोबर असूनही मासे मरतात.

लायनफिश, स्नोफ्लेक ईल, नायजर यांचा टँक करायचा असेल तर तो वेगळाच आखा. तिथं तोंडात मावणारा मासा आणि कोळंबी ठेवायची नाही. लायनफिश आणि फॉक्सफेस दोघांच्याही परांच्या काट्यांत विष असतं. काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम, ४३-४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास धरा आणि डॉक्टरकडे जा.

दांडगट बाहेर काढायचा कसा

जाळी घेऊन मागे लागू नका. दगड ढासळतात आणि शांत मासेही घाबरून आपटतात. दोन लिटरची कोल्ड ड्रिंकची बाटली घ्या, वरचा तिसरा हिस्सा कापा आणि तोंड उलटं करून आत बसवा. बाटलीला तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडा म्हणजे खाद्याचा वास बाहेर येईल. तळाला एक दगड, आत फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य), गळ्याला दोरी. एक दिवस बाकी खाद्य बंद ठेवा. डॅमसेल आणि डॉटीबॅक सहसा यात येतात. टँगसारख्या मोठ्यासाठी वरून पडणाऱ्या झडपेचा ॲक्रिलिक सापळा लागतो; तो उघडा ठेवून दोन-तीन दिवस त्यातच खायला घाला, निर्धास्त झाला की झडप सोडा. रात्री दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल टॉर्चनं बघितलं तर प्रत्येक मासा आपल्या ठरलेल्या कपारीत झोपलेला दिसतो, दगडासकट बाहेर काढता येतो. हॅलिकोइरिस रॅस वाळूत झोपतात, त्यांना वाळूसकट डब्यात घ्यावं लागतं. टँग, फॉक्सफेस आणि लायनफिशला जाळीत घेऊ नका, काटे अडकून पर फाटतात. पारदर्शक डबा वापरा.

दांडगटाला कायमचं काढायचं नसेल तर दोन आठवडे सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवा. तेवढ्यात दगडांची मांडणी बदला, निदान त्याची कपार तरी मोडा. मग नवा मासा सोडा, आणि तो रुळल्यावर जुना परत टाका. आता उपरा तो असतो.

नव्यासाठी पेटी

फॉल्स सीलिंगच्या दिव्यांना लावतात ती चौकोनी भोकांची पांढरी प्लॅस्टिक जाळी कुठल्याही सीलिंग सामानाच्या दुकानात मिळते. ३० × १५ × १५ सेंटिमीटरची झाकणासह पेटी केबल टायनं बांधा, आत पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला. लहान माशांसाठी आतून प्लॅस्टिकची बारीक जाळी लावा. पेटी दांडगटाच्या हद्दीतच टांगा आणि मासा पाच ते सात दिवस आत ठेवा. पहिले दोन दिवस जुना पेटीवर धडका देतो. त्या थांबल्या आणि नवा आत मनसोक्त खायला लागला, की संध्याकाळी दिवे बंद करून झाकण उघडा. सातव्या दिवशीही धडका चालू असतील तर ती जोडी जमणार नाही, मासा परत करा. टँगसाठी आणखी एक गोष्ट उपयोगी पडते: टँकच्या दुसऱ्या टोकाला बाहेरून आरसा लावा. जुना टँग तीन-चार दिवस आपल्या प्रतिबिंबाशी झुंजत राहतो, नव्याला उसंत मिळते.

खायला घालताना एकाच वेळी दोन टोकांना घाला. टँग आणि फॉक्सफेससाठी बिनमसाल्याच्या नोरीचे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचे) दोन तुकडे दोन क्लिपांवर, दोन बाजूंना. एकच क्लिप लावली की तिच्यावर मालकी सांगितली जाते. आणि वर ६ मिलिमीटरच्या जाळीचं झाकण हवंच, पाठलाग सुरू झाला की रॅस आणि फायरफिश उडी मारतात.

मालव्यातल्या हवेचा हिशेब

मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या पुढे आणि रात्री मालव्यातली हवा गार. चिलर नसलेल्या टँकचं पाणी रोज वर-खाली होतं, आणि अशा ताणातच दबलेला इक उसळतो. शिवाय २५ अंशांना समुद्री पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. आधीच धापा टाकणाऱ्या, मार खाणाऱ्या माशाला तेवढाही फरक पुरतो. ५५० लिटरला अर्ध्या एचपीचा चिलर लावून पाणी २५-२६ वर स्थिर ठेवा, डिसेंबर-जानेवारीसाठी ३०० वॅटचे दोन हीटर. वीज गेल्यावर निदान एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि एअर पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे. एप्रिल ते जून नवीन मासा मागवूच नका, प्रवासातच अर्धा खचून येतो. पाणी नर्मदेचं असो की बोअरचं, आरओ-डीआय (क्षार काढणाऱ्या) फिल्टरमधून काढून टीडीएस शून्य असेल तरच सॉल्ट मिसळा.

रोगामुळे गेला असेल तर

पुढचा मासा लगेच आणू नका. उरलेले सगळे मासे क्वारंटाइनमध्ये हलवून मुख्य टँक ७६ दिवस माशाविना चालू ठेवा. त्यात परजीवीला यजमान न मिळून तो संपतो. कॉपर, म्हणजे परजीवी मारणारं तांब्याचं औषध, फक्त क्वारंटाइनमध्ये, त्याच कॉपरसाठी बनलेल्या टेस्ट किटनं रोज मोजून. मुख्य टँकमध्ये घातलं तर दगड आणि वाळू ते शोषतात, मात्रा टिकत नाही, आणि कोळंबी-गोगलगायी मरतात. क्वारंटाइनला १०० लिटरचा साधा काचेचा टँक पुरतो: वाळू-दगड नको, पाइपचे तुकडे, हीटर, आणि सम्पमध्ये महिनाभर मुरवलेला (जिवाणू बसलेला) स्पंज फिल्टर. हा स्पंज नेहमीच सम्पमध्ये पडलेला असू द्या. मासा आणायचं ठरल्यावर तो मुरवायला घेतलात, तर तयार होईपर्यंत मासा कुठे ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि मग तो थेट मुख्य टँकमध्ये जातो.